पायानं दिलेलं

बाभळीच्या दोन बल्ल्या, वर सुंभ ताणलेला,
हा माझा गोल. जाळी नव्हती.
मागे लोको शेडची भिंत,
वाफेची इंजिनं गेली तरी काळी ती काळीच.

डॅनियल मास्तर, निवृत्त गार्ड,
लाइनवर उभे राहत खऱ्या हिरव्या-लाल झेंड्या घेऊन.
नियम सांगत सिग्नल सांगितल्यासारखा:
आपल्या गड्यानं डोक्यानं दिला, घे.
छातीनं दिला, घे. गुडघ्यानं, तरी घे.
कुणाच्या नडगीला चुकून लागून आला, बिनधास्त घे.
पण पायानं, मुद्दाम, तुझ्यासाठी म्हणून दिला
तर हात नाही लावायचा, व्यंकटी.
थ्रो-इनलाही नाही.
आणि कुणी चलाखीनं पायावर उडवून डोक्यानं दिला,
तर तो पायानंच दिला असं धरायचं.

म्या विचारलं, कामून?
म्हणाले, आमच्या वेळी मोकळं होतं सगळं.
एका गोलानं पुढं असलो की
बॅकनं मागं द्यायचा, कीपरनं उचलायचा,
टाकायचा, परत घ्यायचा,
आणि समोरचे अकरा
गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेले.
ब्याण्णव साली बंद झालं ते.
पूर्णेला कळायला आणखी चार वर्षं लागली.

घरी मी उलटं शिकलो होतो.
पाय लागला की हात लावायचा, मग कपाळाला.
पुस्तकाला, माणसाला, सुपातल्या ज्वारीला.
पहिल्या वर्षी चेंडू लाथाडला
की माझा हात आपोआप छातीशी जायचा.
मुनीर खदखदून हसायचा.

शेख मुनीर, आमचा बॅक, पॉइंट्समनचा पोरगा.
बाप रूळ बदलायचा, हा चेंडूची वाट.

वसमतशी सामना, फेब्रुवारी, एक-एक.
काळी माती फाटलेली;
भेगेत शिरलेला चेंडू कुठून निघेल
ते मातीलाही माहीत नसायचं.
दोघं अंगावर आले तसा मुनीरनं
न बघता मागं दिला,
ताटात भाकर सरकवावी इतका हळू.
वाटेत भेग. चेंडू उसळला, कडेला वळला,
म्या धरला.

"नक्को!" मुनीर आधीच ओरडला होता.
मला ते ऐकू आलं
चेंडू छातीशी आल्यावर.

शिट्टी. हिंगोलीचे अंबेकर सर, चित्रकलेचे,
त्यांनी एक हात वर केला
आणि वरच ठेवला.
सहा यार्डांवरून फ्री किक.
आम्ही अकराही जण रेषेवर, खांद्याला खांदा,
घामाला घाम.

वसमतचा नऊ नंबर धावत आला,
शेजारच्या गड्याला साधा स्पर्शही न करू देता
सरळ मारला,
मुनीरच्या कानाजवळून, माझ्या डावीकडे.
हात निघाला होता माझा.
सरांचा हात अजून वर.
म्या माझा मागं ओढला,
तापल्या तव्यावरून ओढावा तसा.

चेंडू बल्ल्यांमधून गेला, भिंतीवर धप्प.
वसमतकर नाचले, कुणी चप्पल उडवली.
सर गोल-किकची खूण करत होते,
बघत कोण होतं?
मग भांडण. पंधरा मिनिटं.
नऊ नंबर म्हणाला, आत गेला ना? डोळ्यांनी बघितला ना?
सर म्हणाले, बघितला. आत गेला.
कुणाला लागला नाही. गोल नाही.

एक-एकच सुटला सामना.
मुनीर आठ दिवस बोलला नाही.
म्या धरला म्हणून, की त्यानं दिला म्हणून,
विचारलं नाही.

नवव्या दिवशी सरावात त्यानं पुन्हा मागं दिला,
तसाच हळू, या वेळी भेग चुकवून.
दोन्ही हात पाठीमागं धरून
म्या लाथ घातली,
चेंडू कुंपणापलीकडं, पार रुळांवर.
आणायला दोघं गेलो.
मालगाडी उभी होती मधे,
ती हलेपर्यंत
तिथंच बसून राहिलो.